थंडीतला सल्ला : राखेचा रंग बघा, मगच ती बागेत न्या

थंडी पडली की इंदूरकडच्या घरांत राख साठू लागते. बंबातली, शेकोटीतली, दाल-बाफल्यांसाठी लावलेल्या गोवऱ्यांची. ती लसणाच्या नाहीतर बटाट्याच्या वाफ्यात ओतून मोकळे व्हायची आपली सवय. या वेळी ओतण्याआधी राख उन्हात धरून नीट बघा.

काळी किंवा गडद करडी असेल, तर हवा कमी पडून कार्बन जळायचा राहिला आहे. कार्बन थोडासाच असला तरी सगळी राख करडी दिसते. तो पूर्ण जळाला की मुख्यतः कॅल्शियम, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमचे क्षार उरतात. त्यांना स्वतःचा रंग नसतो. त्यांचे बारीक कण सगळा उजेड परतवतात, म्हणून राख पांढरी दिसते. लोणारी कोळशाची राख बहुधा पांढरी निघते ती यामुळेच. तांबूस छटा लोखंडाच्या ऑक्साइडची, विटेला लाल करणारे तेच. लाकडाला किंवा गोवरीला चिकटलेल्या मातीतून ते येते. गोवरीच्या राखेत वाळूही बरीच असते.

हिरवट राखेपाशी मात्र थांबा. लाकडातले मँगनीज कडक आचेवर पोटॅशच्या, म्हणजे पोटॅशियमच्या क्षारांच्या, संगतीत हिरवे मँगनेट बनते, पाणी लागले की तपकिरी पडते. तेवढ्याने काही बिघडत नाही. पण वाळवी लागू नये म्हणून औषध दिलेल्या लाकडातल्या तांब्यामुळेही हिरवी झाक येऊ शकते, आणि अशा लाकडात आर्सेनिकही असू शकते. लाकूड कुठले हे ठाऊक नसेल तर ती राख भाजीत नको. रंगवलेल्या फळ्या, प्लायवूड आणि दगडी कोळसा यांची राख कशीही दिसो, वापरूच नका. त्यातले शिसे राखेच्या रंगावरून ओळखू येत नाही.

आता स्वच्छ पांढरी राख. तिच्यावर लिंबू पिळा. फसफसली तर कार्बोनेट आहेत, म्हणजे ती अल्कधर्मी आहे. आम्लधर्मी जमिनीत हा गुण उपयोगाचा. आपली माळव्याची काळी माती आधीच चुनखडीची, सामू (पीएच) बहुतेक ठिकाणी ७.५ ते ८.५. तिथे आणखी राख पडली की जस्त आणि लोह मुळांना मिळेनासे होते, कोवळी पाने पिवळी पडतात. बटाट्याच्या सालीवर खरखरीत खपल्या धरणारा रोगही अशा जमिनीत बळावतो. पोटॅशसाठी म्हणाल, तर काळ्या मातीत ते सहसा पुरेसे असते. नत्र तर धुरातच गेलेले असते.

म्हणून माझे ठाम मत : राख वाफ्यात नको, कंपोस्टात घाला. ही रीत इथलीच आहे. १९२४ पासून इंदूरच्या शेतीसंशोधन संस्थेत इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी कंपोस्टाची जी इंदूर पद्धत बसवली, तिच्यात गोमूत्र मुरलेल्या मातीबरोबर राखही होती, आंबट होऊ लागलेला ढीग सावरायला. काडीकचऱ्याच्या अर्धा फूट थरावर चाळलेली राख पातळ भुरभुरा, एका जागी ढीग नको. चाळणीत राहिलेले कोळशाचे तुकडेही कंपोस्टात चालतात.

युरिया किंवा डीएपी या खतांबरोबर राख कधीच मिसळू नका. अमोनिया उडून पैसे हवेत जातात. राख पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात, कोरड्या जागी ठेवा, पावसात पोटॅश धुऊन जाते. आत निखारा बराच वेळ धुमसत राहू शकतो, तेव्हा प्लास्टिकची बादली नको. चाळताना तोंडाला फडके बांधा, आणि ताज्या पांढऱ्या राखेला ओला हात लावू नका.