आई-बाबांचे ब्लड रिपोर्ट शेजारी ठेवून कसे वाचायचे

दिवाळीनंतर आई-बाबांचं एकाच पॅकेजमध्ये चेकअप केलं आणि दोघांचे रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर एकदमच आले. दोघांचंही एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल, 44, आणि शेजारच्या रकान्यात दोघांनाही "40 च्या वर नॉर्मल" असंच छापलेलं. लाल खूण कुठेच नाही, त्यामुळे आईने चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली, चला, मी ठणठणीत. पण बायकांसाठी एचडीएलची रेषा 40 वर नाही, 50 वर आहे. बाबांचं 44 चालण्यासारखं, आईचं तेच 44 कमी. तेव्हापासून मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते, की रिपोर्ट वाचताना आधी नावापुढचा एफ का एम ते बघा आणि मग आकडा.

आधी टेस्टच्या वेळचं. 10-12 तास पोट रिकामं, पाणी चालतं, चहा नाही. प्रेग्नन्सीत कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आपोआपच वाढतात, त्यामुळे तेव्हाच्या आकड्यांवरून पुढचा अंदाज बांधू नका.

मग टेप घ्या, शिंप्याकडे असते ती. खरं तर ब्लड रिपोर्ट पोटाच्या घेराशिवाय वाचूच नये. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे टेप धरायची, श्वास सोडायचा, पोट आत न ओढता मोजायचं. आई परकराची नाडी बांधते तिथे धरत होती, तिथे आकडा कमी येतो. पँटची साइज हा पण घेर नव्हे. भारतीयांसाठी पुरुषांना 90 सेंटीमीटर आणि बायकांना 80 ही मर्यादा धरतात. ती युरोपियनांपेक्षा कमी आहे, कारण आपल्याकडे अंगाने बारीक माणसाच्याही पोटात चरबी साठते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला होता, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) 22.3, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची 21.2 टक्के आणि युडकिन यांची 9.1 टक्के!

आता एका कागदावर पाच ओळी लिहा. पोटाचा घेर, ट्रायग्लिसराइड (150 किंवा जास्त), एचडीएल (पुरुष 40 च्या खाली, बाई 50 च्या खाली), फास्टिंग शुगर (100 किंवा जास्त), बीपी (वरचं 130 किंवा खालचं 85, किंवा जास्त). ज्याची गोळी चालू आहे ती ओळ पण मोजायची. पाचपैकी तीन आल्या की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, म्हणजे डायबेटिस आणि हृदयविकाराचा धोका जास्त. आमच्याकडे ट्रायग्लिसराइड दोघांचं 160, शुगर आणि बीपी दोघांचं ठीक, घेर बाबांचा 88 आणि आईचा 86. बाबांचं पोट डोळ्यांना जास्त दिसतं, पण त्यांची एकच ओळ भरली आणि आईच्या तीन भरल्या, आकडे जवळपास सारखे असून! मी तो कागद दोनदा तपासला.

हे असं का, तर पाळी चालू असते तोवर इस्ट्रोजेनमुळे बाईचं एचडीएल पुरुषापेक्षा जास्त असतं आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, सहसा कमी. पाळी जाते त्या वर्षाच्या आसपास एलडीएल चढायला लागतं, आणि खाण्यात काही बदल नसताना हे होतं, त्यामुळे बायका स्वतःलाच दोष देत बसतात. म्हणून पुढची पायरी अशी, की पाळी कोणत्या वर्षी गेली ते फाइलवर लिहा आणि त्याआधीचा एखादा रिपोर्ट असेल तर शोधून शेजारी ठेवा. त्याखाली हे पण लिहा: गरोदरपणात शुगर निघाली होती का, बीपी वाढलं होतं का, पीसीओडी होता का, पाळी चाळिशीच्या आत गेली का. यातलं काहीही असेल तर पुढे हृदयाचा धोका वाढतो, पण हे रक्तात दिसत नाही आणि विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. गरोदरपणात शुगर निघालेल्या मुलींनी बाळंतपणानंतर 4 ते 12 आठवड्यांत ग्लुकोज पिऊन टेस्ट करायची असते आणि पुढेही दर एक ते तीन वर्षांनी, पण बाळाच्या गडबडीत ती हमखास राहून जाते.

एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज) बघताना शेजारी हिमोग्लोबिन बघा. लोह कमी असेल तर एचबीएवनसी खोटंच थोडं वर दाखवू शकतं, आणि आपल्या बायकांमध्ये लोह कमी असणं किती कॉमन आहे ते वेगळं सांगायला नको. अशा वेळी फास्टिंग आणि जेवणानंतरची शुगर पण बघून घ्या.

क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बाहेर टाकते तो स्नायूंमधला टाकाऊ पदार्थ, तर फारच फसवं. वय 60, क्रिएटिनिन 1.1 असेल तर पुरुषाचा ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) साधारण 77 येतो आणि बाईचा 57, म्हणजे 60 च्या खाली, कारण बाईचे स्नायू कमी असल्याने तिचं क्रिएटिनिन मुळातच कमी असायला हवं. आणि किडनी मंदावली की हृदयाचा धोका वाढतोच. त्यामुळे नुसत्या क्रिएटिनिनवर थांबू नका, ईजीएफआरचा आकडा शोधा. युरिक अ‍ॅसिडचं पण तसंच, पुरुषाला साधारण 7 पर्यंत, बाईला 6.

शेवटी टोटल कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करून ठेवा, त्याला नॉन-एचडीएल म्हणतात. आईचं 198 वजा 44 म्हणजे 154. एलडीएलइतकाच हा आकडा डॉक्टरांना उपयोगी पडतो. घरात कोणाला कमी वयात अटॅक आला असेल तर लिपोप्रोटीन ए (कोलेस्टेरॉल वाहून नेणारा, आनुवंशिक कण) ही टेस्ट आयुष्यात एकदा तरी करायची का ते विचारा. आकडे बघून गोळी मात्र मनाने चालू किंवा बंद करू नका.

आणि रिपोर्ट कितीही छान असला तरी बाईला अचानक धाप, घाम, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणं, कधी नव्हे असा थकवा आला तर अ‍ॅसिडिटी म्हणून सोडा पीत बसू नका, लगेच ईसीजी आणि ट्रोपोनिन (हार्ट अटॅक ओळखायची रक्ताची टेस्ट) यांसाठी हॉस्पिटल गाठा. छातीत दुखलंच पाहिजे असं नसतं.

आईला मी त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे नेलं. पाच ओळींचा कागद त्यांनी स्वतःकडे ठेवून घेतला, तीन महिन्यांनी परत लिपिड (कोलेस्टेरॉलची टेस्ट) सांगितलं, आणि पाळी कधी गेली ते विचारलं तेव्हा आईने फाइलचं पहिलं पान उघडून दाखवलं, तिथे तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं.