आधी एकच कप बदला: मॉड केलेल्या हेडफोनचा आवाज ताडून पाहताना

फॉस्टेक्सचा टी५०आरपी हा हेडफोन लोक हौसेने उघडून त्यात फेरफार, म्हणजे 'मॉड', करतात, आणि त्याला कारण आहे. ड्रायव्हर (आवाज निर्माण करणारा भाग) प्लॅनर, म्हणजे सपाट पडद्याचा, किंमत आवाक्यातली, आणि पॅड काढून चार स्क्रू सोडवले की आतलं सगळं समोर. डॅन क्लार्क यांच्या 'मिस्टर स्पीकर्स' या कंपनीचा 'मॅड डॉग' हा हेडफोन याच टी५०आरपीवर बेतलेला होता. कपात कापूस घाला, मागच्या झरोक्यांवर मायक्रोपोर टेप लावा, प्लास्टिसिनने कवच जड करा, जाड पॅड बसवा: आवाज बदलतोच. पण तो सुधारला का, हे ठरवायला पद्धत लागते.

सगळ्यात मोठी अडचण स्मरणाची. स्क्रू काढून, कापूस भरून पुन्हा कानाला लावेपर्यंत अर्धा तास सहज जातो, आणि आवाजाचे बारकावे कानात जेमतेम काही सेकंद टिकतात. शिवाय मेहनत आपली, त्यामुळे मन आधीच कौल देऊन बसलेलं असतं. म्हणून माझा पहिला आग्रह हा की दोन्ही कप एकदम बदलू नका. फक्त उजवा बदला, डावा मूळचाच ठेवा. फोन किंवा कॉम्प्युटरच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' (दोन्ही बाजूंना एकच आवाज) सुरू करा आणि बॅलन्स एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे सरकवत तोच तुकडा ऐका. मूळ आणि मॉड यांच्यात आता क्षणाचंही अंतर नाही.

मग हेडफोन उलटा घाला, डावा कप उजव्या कानावर. हे टाळू नका, कारण दोन्ही कान सारखे नसतात. जो फरक कपाबरोबर दुसऱ्या बाजूला गेला तो मॉडचा, आणि जो त्याच कानाशी राहिला तो तुमच्या कानाचा. इतका स्वच्छ निवाडा देणारी दुसरी घरगुती चाचणी मला माहीत नाही.

आता आवाजाची पातळी. एखादा डेसिबल जास्त असलेला आवाज आपल्याला 'मोठा' वाटत नाही, 'अधिक जिवंत' वाटतो. कापूस नि टेपमुळे तेवढा फरक सहज पडतो. जाड पुठ्ठ्याला भोक पाडून त्यात मापनाचा माइक पुठ्ठ्याच्या पातळीत बसवा, कप वर घट्ट टेकवा आणि आरईडब्ल्यू या मोफत सॉफ्टवेअरने ५०० ते २००० हर्ट्झच्या पट्ट्यातला पिंक नॉइज (चाचणीसाठीचा एकसारखा खरखराट) वाजवून दोन्ही बाजू जुळवा. १००० हर्ट्झचा एकच सूर वापरू नका: नेमका तिथे खड्डा असेल तर सगळंच माप फसतं. फोनच्या माइकवर जुळवलंत तर अर्ध्या डेसिबलपर्यंत समाधान माना. हा पुठ्ठा कानाची जागा घेत नाही, त्यामुळे त्यावरचा आलेख हा हेडफोनचा खरा आलेख समजू नका. दोन कपांतला फरक तेवढा तो दाखवतो.

पॅड हा वेगळाच विषय. पॅड बदलला की कानापासूनचं अंतर आणि हवाबंदपणा दोन्ही बदलतात, आणि बाकी सगळ्या कारागिरीपेक्षा मोठा फरक बहुधा तिथेच असतो. त्यामुळे पॅड आणि कापूस एकाच दिवशी नको. ४० हर्ट्झचा सूर लावून कप हलकेच दाबा. सूर एकदम फुगला तर हवा निसटते आहे. चष्मा असेल तर चष्म्यासकटच तपासा.

ऐकायचं काय? मी तबला वाजवते, त्यामुळे माझी पहिली परीक्षा डग्ग्याची. घिस्सा, म्हणजे डग्ग्यावर मनगट घासून सरकवलेला सूर, खाली उतरताना सूर शेवटपर्यंत सलग कळला पाहिजे. मध्येच नुसती गुंजन उरली तर बास वाढलाय, सुधारला नाही. दुसरा तंबोरा. काळी एकच्या पट्टीत खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झला असते, पण तंबोऱ्याचं सौंदर्य जवारीतून, म्हणजे तारेच्या झंकारातून, उमलणाऱ्या वरच्या स्वरांशांत आहे. कापूस जास्त झाला की जवारी मिटते, आणि लोक त्यालाच 'मऊ आवाज' म्हणून नावाजतात. मला ते अजिबात पटत नाही. शेवटी गायिकेच्या आवाजातले 'स' आणि 'श': ते टोचले तर ५ ते ८ किलोहर्ट्झच्या आसपास शोधा.

फरक अगदी बारीक वाटत असेल तर डोळ्यांवर पट्टी बांधून भागत नाही, स्पर्शानेच हेडफोन ओळखू येतो. त्यापेक्षा पुठ्ठ्यावर दोन्ही कपांचं रेकॉर्डिंग करा, पातळी जुळवा आणि फूबार२००० या म्युझिक प्लेअरमध्ये एबीएक्स चाचणी घ्या, म्हणजे वाजणारा तुकडा दोनपैकी कोणता हे न पाहता ओळखा. १० पैकी ९ वेळा बरोबर येणं नुसत्या अंदाजाने शंभरात एखाद्या वेळीच घडतं. ७ आले तर मॉडचं कौतुक लांबणीवर टाका.

कौल मॉडच्या बाजूने लागला, की मगच दुसरा कप उघडा. पहिल्या कपातला कापूस सोनाराच्या छोट्या काट्यावर तोला आणि तेवढाच इकडे घाला, टेपचे तुकडेही त्याच मापाचे. मोनोमधला गळा डोक्याच्या बरोबर मधोमध बसतो का पाहा. खालच्या सुरात मधे आणि वरच्या सुरात एका बाजूला सरकत असेल, तर दोन्ही कप अजून जुळलेले नाहीत. स्क्रू पुन्हा सोडवा.