शॅमेलिऑन आणायच्या आधी, सोलापूरच्या हिशोबाने

भाच्याचा फोन आला. "मामा, शॅमेलिऑन ठरवलाय. पिंजरा पुढच्या महिन्यात घेतो, तोवर खोक्यात ठेवला तर चालंल की?" मी नाही म्हटलं आणि काय काय लागतं ते लिहून पाठवतो म्हणालो. बसलो लिहायला तर एवढं झालं. शॅमेलिऑन म्हणजे रंग पालटणारा, झाडावरचा सरडा. जुळे सोलापुरात माझ्याकडे पाच वर्षं त्यातल्या व्हेल्ड जातीचा एक नर आहे. त्याच्या आधीचा माझ्या अज्ञानापायी गेला, म्हणून हे जरा खडसावूनच लिहितोय.

आधी कागद. आपल्याकडे माळावर, बोरी-बाभळींवर क्वचित दिसतो तो भारतीय शॅमेलिऑन. तो वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. पकडून घरी ठेवला तर तो गुन्हा, मग तो आपण होऊन तुमच्या अंगणात आला असला तरी. पाळायला मिळतो तो परदेशी: येमेन-सौदी भागातला व्हेल्ड, नाहीतर मादागास्करचा पँथर. यांचा व्यापार सायटीस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या दुसऱ्या परिशिष्टाखाली येतो. २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनंतर अशा जिवंत प्राण्याची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. विकणारा "कागदाचं नंतर बघू" म्हणाला की तिथूनच माघारी फिरा. पिल्लू घ्यायचं ते बंदिवासात जन्मलेलं. जंगलातून उचललेलं निम्मं आजारपण सोबत घेऊनच येतं.

पिंजरा उभा हवा, दोन बाय दोन आणि उंची चार फूट, कारण हा झाडावरचा जीव आहे. खाली पसरट जागा देऊन त्याला काही उपयोग नाही. काचेची मत्स्यपेटी तर अजिबात नको. हवा खेळत नाही, आणि काचेतलं स्वतःचं प्रतिबिंब बघून तो दिवसभर भांडायच्या पवित्र्यात राहतो. मी स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडून ॲल्युमिनियमची चौकट आणि प्लास्टिकचा मुलामा असलेली जाळी बसवून घेतली. उघड्या लोखंडी जाळीत नख अडकून निघतं. मच्छरजाळी रातकिडे कुरतडतात. आत बोटभर जाडीच्या आडव्या-तिरप्या फांद्या, मनीप्लांट, जास्वंद, शेफ्लेरा. व्हेल्ड पानंही खातो, म्हणून नर्सरीतून आणलेलं रोप दोन-तीनदा धुवा, पंधरा दिवस बाहेर ठेवा आणि कुंडीतल्या मातीवर मोठे गोटे पसरा. कण्हेर आणि रुई घराच्या त्या बाजूलासुद्धा नको.

आता दिवा. इथेच माझा पहिला गेला. विकणाऱ्याने सांगितलं होतं, खिडकीत ऊन येतं ना, मग यूव्हीबी (अतिनील किरणांच्या) ट्यूबचा खर्च कशाला? मला पटलं, सोलापुरात उन्हाला काय तोटा! पिंजरा खिडकीच्या बंद काचेआड ठेवला, ऊन भरपूर यायचं. पण कॅल्शियम अंगी लागायला जे डी-३ जीवनसत्त्व लागतं ते कातडीत तयार व्हायला यूव्हीबी किरण लागतात, आणि काच नेमके तेच अडवते. सात-आठ महिन्यांत त्याचे पुढचे पाय कोपरातून धनुष्यासारखे वाकले. फांदी पकडताना पाय थरथरायचा, जीभ किड्यापर्यंत पोचायच्या आत गळून पडायची. जबडा बोटाने दाबला तर रबरासारखा वाटला. कळलं तेव्हा उशीर झाला होता. तर टी-५ प्रकारची लांब ट्यूब घ्या, ५ किंवा ६ टक्के यूव्हीबीची, जाळीच्या वर ठेवा, सगळ्यात वरची फांदी तिच्यापासून वीतभर खाली. दिवसाला बारा तास, टायमर लावून. ट्यूब दिसायला लख्ख पेटत असली तरी तिच्यातलं यूव्हीबी हळूहळू संपतं, म्हणून वर्षाच्या आत बदला. बसवल्याची तारीख ट्यूबवरच मार्करने लिहून ठेवा.

ट्यूबशिवाय उबेचा एक वेगळा दिवा लागतो. त्याखालच्या, ऊब घ्यायच्या फांदीवर २९ ते ३२ अंश, बाकी पिंजऱ्यात २२ ते २७, रात्री त्याहून गार, असं सगळीकडे वाचायला मिळेल. हे वाचून सोलापूरकराला हसूच येणार. एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा ४२-४३ ला टेकतो आणि स्लॅबखालची खोली रात्री अकरालाही भट्टी असते. म्हणून पिंजरा वरच्या मजल्यावर ठेवूच नका. खालची, पूर्वेची किंवा उत्तरेची खोली बघा. दोन थर्मामीटर घ्या, एक वर, एक मध्यावर. खोलीच तिशी गाठते त्या दिवसांत उबेचा दिवा बंद, फक्त यूव्हीबी चालू. कूलर खोलीत असू द्या, पण त्याचा झोत पिंजऱ्यावर नको. मी दुपारी एक जुनी सोलापुरी चादर ओली करून पिंजऱ्याच्या एका बाजूला वाळ्याच्या पडद्यासारखी लटकवतो. ती जाड, पाणी धरून ठेवते, दोन तास निभावतं. बाकी बाजू मोकळ्या ठेवायच्या, कारण ओल आणि कोंडलेली हवा एकत्र आली की छाती भरते. उकाड्याने तो तोंड वासून बसला, अंग पांढुरकं पडलं आणि एरवी वर बसणारा खाली उतरला, तर लगेच गार खोलीत हलवा आणि साध्या पाण्याचा फवारा द्या. फ्रिजचं पाणी नको.

पाणी हा आपल्या गावाचा दुखरा विषय, इथेही आहेच. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात याच्यासाठी वेगळी बादली भरून ठेवायची सवय करा. एक दिवस उघडी राहिली की क्लोरीनचा वासही उडतो. शॅमेलिऑन वाटीतलं पाणी पाणी म्हणून ओळखत नाही. पानावर चकाकणारा, हलणारा थेंब दिसला की चाटतो. औषधाच्या दुकानातून सलाईनचा नवा सेट आणा, डब्याला जोडा आणि चाकी फिरवून सेकंदाला एक थेंब पानावर पडेल असं लावा. शेतात ठिबक लावणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. सकाळी दिवा लागायच्या आधी आणि संध्याकाळी दिवा गेल्यावर दोन-तीन मिनिटं बारीक फवारा, आणि मधे पिंजरा पूर्ण वाळू द्यायचा. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पानांवर बसतात आणि फवाऱ्याचं तोंड तुंबतं, म्हणून फवाऱ्याला आरओचं पाणी वापरतो.

खाणं जिवंत किड्यांचं. रातकिडे, खाद्य म्हणूनच वाढवलेली डुबिया झुरळं आणि आपल्या भागाची सोय म्हणजे रेशीम अळ्या. जिल्ह्यात तुतीची शेती आहे, ओळखीचा शेतकरी असेल तर फेकून द्यायच्या अळ्या तो हसत देतो. फक्त पाल्यावर काय फवारलंय ते विचारा, आणि रोगट म्हणून फेकलेल्या घेऊ नका. शेतातले टोळ, घरातली झुरळं नकोत. विष आणि जंत दोन्ही त्यांच्यासोबत येतात. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा. किड्यांना आदल्या दिवशी गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला खायला घाला, कारण त्यांच्या पोटात जे असतं तेच शेवटी याच्या पोटात जातं. वाढत्या पिल्लाला रोज, मोठ्याला एक दिवसाआड पाच-सहा किडे पुरतात. हावरट असतो, मागतच राहतो. फॉस्फरस नसलेली साधी कॅल्शियम पूड प्रत्येक वेळी चिमूटभर भुरभुरवा, डी-३ असलेली आणि जीवनसत्त्वांची महिन्यातून दोनदा. आमच्या शेजारच्या काकांनी पानाचा चुना लावायचा सल्ला दिला होता, "शेवटी कॅल्शियमच की!" चुना तोंड भाजतो. काकांना चहा पाजला आणि विषय बदलला.

घरातल्या लोकांनाही तयार करावं लागतं. त्या खोलीत डासांची कॉइल, धूप, झुरळांचा स्प्रे बंद. आईला हे पटवायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले. हात लावल्यावर साबणाने धुवायचे, पोरांनी तर नक्कीच, कारण सरपटणाऱ्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. आणि तो कुत्र्यासारखा लाड करून घेणारा नाही. दुसरा शॅमेलिऑन जोडीला आणायचा विचारही नको, एकट्यानेच सुखात राहतो.

इथवरचं पैशाने होतं. खरी तयारी नजरेची. शिकाऱ्यांच्या जगात आजारी दिसणं म्हणजे मरण, त्यामुळे हा जीव शेवटपर्यंत धडधाकट असल्याचं सोंग करतो. लोळागोळा झालेला दिसला म्हणजे दुखणं काही आठवड्यांचं असतं. म्हणून एक वही घाला. आठवड्यातून एकदा वजन, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर एक काठी उभी करून. त्यावर तो आपोआप चढतो. वजन दहाव्या हिश्श्याने घटलं तर डॉक्टर. किती किडे खाल्ले, शी कधी केली, कात कधी टाकली, तेही लिहा.

सगळ्यात आधी डोळे बघा. निरोगी शॅमेलिऑनचे डोळे गरगरीत, बाहेर आलेले आणि सतत फिरते असतात, एक तुमच्याकडे तर दुसरा खिडकीकडे. दिवसा डोळे मिटून बसलेला शॅमेलिऑन आजारी आहे, असंच धरून चाला. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी अकराला माझा फांदीवर बसला होता, ट्यूब चालू, आणि डावा डोळा अर्धा मिटलेला. बायको म्हणाली, झोपला असेल. खालच्या पानावर शी पडली होती. तिचा जो भाग खडूसारखा पांढरा असायला हवा, तो झेंडूच्या पाकळीसारखा केशरी होता. वर बघितलं तर डोळ्यांचे बुरूज आत गेलेले. ठिबकाची नळी शेवाळाने तुंबून तीन दिवस कोरडी होती आणि मी डब्यातलं पाणी कमी होत नाही म्हणून उलट खूश होतो. तेव्हापासून वहीत डब्याची पातळीही लिहितो.

मग श्वास. मान वर ताणून तोंड उघडून श्वास घेणं, टिकटिक किंवा शिट्टीसारखा आवाज, तोंडाशी बुडबुडे किंवा चिकट लाळ, ही फुप्फुसाच्या संसर्गाची खूण. जबड्याच्या कडेला सूज किंवा पनीरच्या कणासारखा पांढरा-पिवळा पू दिसला तर तोंड सडायला लागलंय. डोक्याच्या तुऱ्यावर किंवा पाठीच्या कण्यावर काळा, कोरडा डाग म्हणजे भाजलंय, दिवा फार जवळ आहे. कात तुकड्यातुकड्यांनी निघते, तसंच निघायला हवं. पण बोटाभोवती आणि शेपटीच्या टोकाला तिचं कडं राहिलं तर रक्त अडतं. ओढून काढू नका, फवारा वाढवा. पकड सैल होणं, फांदीवरून पडणं, जिभेचा नेम चुकणं या खुणा माझ्या पहिल्याने सगळ्या दाखवल्या होत्या.

रंगाबद्दल आपल्याकडे म्हणी फार, त्यामुळे गैरसमजही फार. तो आजूबाजूला बघून रंग बदलत नाही, मुख्यतः मनःस्थिती, ऊब आणि समोर कोण आहे यावर बदलतो. २०१५ मध्ये जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी पँथर शॅमेलिऑनवर दाखवलं की कातडीतले सूक्ष्म स्फटिक जवळ-दूर सरकतात आणि रंग पालटतो. सकाळी गडद होऊन दिव्याकडे कूस करणं म्हणजे ऊन खाणं, झोपेत फिका पडणंही ठीक. दिवसभर काळपट, मळकट राहिला तर काहीतरी बिनसलंय.

मादी घेणार असाल तर आणखी एक काम. नराशिवायही ती अंडी धरते, तीही दोन-चार डझन. हातभर खोल टोपलीत ओलसर वाळू भरून ठेवा, बोगदा केला तर ढासळणार नाही इतपत ओली. ती अस्वस्थ होऊन खाली उतरते, उकरते, हे नैसर्गिक. त्या दिवसांत डोकावू नका. उकरणं थांबवून ती जमिनीवर मलूल पडली तर अंडी अडकली आहेत, त्या दिवशीच डॉक्टर गाठायचा.

आणि डॉक्टर प्राणी यायच्या आधी शोधायचा. आपल्या गावातले बहुतेक पशुवैद्य गाई-म्हशी आणि कुत्र्या-मांजरांत मुरलेले. सरपटणाऱ्यांचं बघणारा पुण्या-मुंबईत शोधावा लागतो, आणि पुणं अडीचशे किलोमीटर. फोन नंबर, फी, रविवार आहे का, हे आधीच विचारून ठेवा. ताजी शी छोट्या डबीत नेली तर जंतांची तपासणी मात्र इथलाही पशुवैद्य करून देतो. श्वासाचा, चालण्याचा व्हिडिओ काढून ठेवा, डॉक्टरसमोर हा पठ्ठ्या हमखास बरा वागतो. न्यायला भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा, आत घट्ट बसवलेली एक काठी, वर कापड. उन्हाळ्यात रात्रीच्या नाहीतर पहाटेच्या गाडीने. घरातलं माणसांचं औषध थेंबभरही नाही.

हे सगळं वाचून भाच्याने पिंजरा आधी घेतला. मी सांगितलं, पंधरा दिवस रिकामाच चालव, दिवा, ठिबक, फवारा, सगळं, आणि आकडे पाठव. काल फोटो आला: मनीप्लांटवर थेंब, वरच्या फांदीवर कोणीही नाही, मधलं थर्मामीटर दुपारी तीनला ३६. मी उत्तर पाठवलं, खालच्या खोलीत हलव आणि उद्या परत तीनला बघ.