फ्लाय फिशिंगला पहिल्यांदा निघताय? आधी बॅग बघून घ्या

सामान घ्यायला गेलं की हात पहिला रीलकडेच जातो, चकचकीत असतं, फिरवलं की मस्त किर्रर्र वाजतं आणि अर्धं बजेट तिथेच उडतं. माझंही उडालं होतं. खरं तर शिकाऊ माणसाकडे सगळ्यात कमी काम त्यालाच असतं. मध्यम आकाराचा ट्राउट मासा बहुतेक वेळा लाइन, म्हणजे दोरी, हाताने ओढूनच आणतात, रील म्हणजे उरलेली लाइन गुंडाळून ठेवायची जागा. ड्रॅग (रीलचा ब्रेक) अडखळत नाही ना आणि रॉडच्या वेटला, म्हणजे त्याच्यावरच्या आकड्याला, जुळतंय ना एवढं बघा, साधंसं घ्या नि वाचलेले पैसे लाइनवर घाला.

लाइनवर का, तर साध्या गळाला शेवटी शिसं असतं, ते भिरकावलं की दोरी मागून जाते. इथे सगळं उलटं आहे. फ्लाय म्हणजे बारीकशा हुकवर बांधलेली पिसं, केस नि दोरा, फुंकर मारली तरी हातावरून उडेल अशी, ती फेकणार कशी? म्हणून फेकायची असते ती लाइन, फ्लाय नुसती तिच्या मागे फरफटत जाते. रॉडवर जो ५ किंवा ६ आकडा असतो तो रॉडच्या वजनाचा नाही, त्याला कुठल्या नंबरची लाइन चालेल त्याचा असतो. ५ नंबरच्या लाइनचे पुढचे ३० फूट साधारण ९ ग्रॅम भरतात. ९ फुटांचा, ५ वेटचा, चार तुकड्यांत सुटणारा, मीडियम-फास्ट, म्हणजे फार ताठ नाही नि फार लवचिकही नाही असा रॉड घ्या, ट्राउटसाठी सुरुवातीला डोळे झाकून हाच घ्यावा असं माझं मत. आणि लाइनच्या डब्यावर डब्ल्यूएफ-५-एफ असं काहीतरी दिसेल तीच उचला, म्हणजे पुढच्या बाजूला जड, ५ नंबर, पाण्यावर तरंगणारी. बुडणाऱ्या लाइनच्या नादी आत्ता अजिबात लागू नका.

आता रीलपासून फ्लायपर्यंत बोट फिरवत या, म्हणजे काही राहत नाही. आधी बॅकिंग, म्हणजे लाइनच्या मागची राखीव दोरी, २० पाउंड ताण सोसणारं डॅक्रॉन, मोठा मासा सगळी लाइन घेऊन पळाला तरच ते बाहेर येणार, पण ते ताणून घट्टच गुंडाळायचं, सैल राहिलं की वेटोळी एकमेकांत रुततात. मग लाइन. मग लीडर, म्हणजे लाइन नि फ्लायच्या मधली पारदर्शक प्लॅस्टिकची तार, ९ फुटांचा, लाइनकडे जाड आणि फ्लायकडे निमुळता, ५एक्स किंवा ४एक्स. तो रेडीमेड मिळतो, पाकिटातून काढला की स्प्रिंगसारखा राहतो, मुठीत धरून दोन-तीनदा सावकाश ओढला की सरळ होतो. शेवटी टिपेट, तसलीच बारीक तार, फ्लाय बदलून बदलून लीडर आखूड होत जातो तेव्हा जोडायला, ४एक्स आणि ५एक्स अशी दोन रिळं बास.

या एक्सचा सगळ्यांनाच घोळ होतो, कारण आकडा मोठा तेवढी तार बारीक. ११ मधून आकडा वजा केला की जाडी येते, इंचाच्या हजाराव्या भागांत, म्हणजे ५एक्सची ६ हजारांश इंच, ०.१५ मिलिमीटरच्या आसपास. हुकचंही तसंच, १६ नंबर १२ पेक्षा लहान. फ्लायच्या नंबराला ३ ने भागा, साधारण तोच एक्स लावा, १२ ला ४एक्स, १६ ला ५एक्स, एवढं डोक्यात ठेवलं तरी काम भागतं.

गाठी तीनच शिका, पण घरी बसून शिका. लाइन-लीडरला हल्ली दोन्हीकडे लूप असतात ते एकमेकांत अडकवायचे, टिपेटला डबल सर्जन आणि फ्लायला इम्प्रूव्हड क्लिंच. आवळायच्या आधी थुंकीने ओली करायची, नाहीतर घासून गरम होते नि तार तिथेच कमजोर पडते. मासा सुटला तर टोक बघा, डुकराच्या शेपटीसारखं कुरळं असेल तर गाठ घसरलीय. सरळ तुटलं असेल तर तार तुटली, बहुतेक वेळा हिसका मारल्यामुळे. माझे पहिले तीन मासे गेले नि तिन्ही वेळा शेपटीच निघाली.

फ्लायचा डबा भरायला बसलात की संपणारच नाही, म्हणून पाच प्रकार, प्रत्येकी दोन-तीन: वर तरंगणाऱ्यांत पॅराशूट अॅडम्स आणि एल्क हेअर कॅडिस, खाली जाणाऱ्यांत फेझंट टेल आणि हेअर्स इअर, दोन्ही १४-१६ नंबरच्या, आणि एक वूली बगर, ती ८ किंवा १० ची. तरंगणाऱ्यांना फ्लोटंट जेल लागतं, तांदळाच्या दाण्याएवढं, तेही फ्लाय कोरडी असतानाच, भिजल्यावर चोपडून उपयोग नाही. निम्फसाठी, म्हणजे त्या खाली जाणाऱ्यांसाठी, एखादा इंडिकेटर (मासा लागला की हलणारी तरंगती खूण) नि वजनाला शिसं नसलेले बारीक मणी.

कापायला नेलकटर चालतो, महागडं निपर नको. फोर्सेप मात्र पाहिजेच, लॉक होणारा चिमटा, हूक काढायला आणि हुकचा उलटा काटा चेपून टाकायला. काटा चेपलेला असला की माशाला सोडताना त्रास कमी होतो, आणि स्वतःच्या कानातून काढतानाही (विचारू नका). म्हणून टोपी आणि पोलराइज्ड चष्मा हे शौकाचं सामान नाही, हूक कानाजवळून सुसाट जातो आणि चष्म्याने पाण्याखालचे दगड-मासेही दिसतात. नेट रबरी जाळीचं घ्या, मासा हातात घ्यायच्या आधी हात ओले करा.

वेडर्स, म्हणजे पाण्यात उभं राहायची पाणी न शिरणारी उंच पँट, पहिल्या दिवशी असायलाच पाहिजेत असं नाही, पाणी बर्फगार नसेल तर पटकन वाळणारी पँट नि न घसरणारे बूट चालतात, चप्पल नको. वेडर्स घातलेच तर कमरेचा पट्टा आवळून बांधायचाच, पडलात तर आत पाणी भरायला वेळ लागतो. बुटांचे फेल्टचे (दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाचे) तळवे घ्यायच्या आधी तिथला नियम बघा, न्यूझीलंडमध्ये २००८ पासून ते बंद आहेत, एका नदीतलं डिडिमो शेवाळ ओल्या फेल्टमधून दुसऱ्या नदीत जातं म्हणून. लायसन्स, कुठे फक्त फ्लायच चालते, मासा सोडायचा की न्यायचा, हे सगळं आदल्या दिवशी वाचून ठेवा.

आणि पाण्यावर जायच्या आधी गवतावर दोन-चार संध्याकाळी, फ्लायच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून. सिमेंटवर नको, लाइन खरवडली जाते. रॉडच्या कड्यांतून लाइन ओवताना टोक ओवू नका, दुमडून ओवा, हातातून सुटली तरी खाली घसरत नाही. ओवून झालं की कड्या एकदा मोजा, मी अजूनही एखादी चुकवतो आणि ते कळतं फ्लाय बांधून झाल्यावरच.