कोड चालेना, उत्तर मिळेना : ऑनलाइन कम्युनिटीतल्या या चुका टाळा

"सर, बोर्ड चालेना झालंय, बघा की." रात्री साडेअकराला ग्रुपवर एवढाच मेसेज येतो. सोबत लॅपटॉपच्या स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो, त्यात एररची ओळ अर्धी कापलेली. सकाळपर्यंत उत्तर आलेलं नसतं आणि मुलगा समजतो, इथं कुणी मदत करत नाही.

सोलापुरात इंजिनिअरिंग शिकणारी मुलं आणि इथूनच शिकून पुण्या-बेंगळुरूला नोकरीला लागलेले सीनिअर यांचा एक ऑनलाइन ग्रुप आम्ही काही जण चालवतो. तिथं रोज जे बघतो त्यावरून सांगतो, हुशारी कुठंच कमी पडत नाही. सांगण्यात कमी पडतं.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत माग बंद पडला तर माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला कुणी नुसतं 'चालेना' म्हणत नाही. धोटा अडकतोय का, धागा कुठं तुटतोय, कधीपासून, काल काय बदललं, हे सगळं सांगितलं जातं. ज्यांच्या घरात हे रोज कानावर पडतं तीच मुलं कोडबद्दल विचारताना नेमकं हे सगळं गाळतात. म्हणून पहिली सवय ही लावा : मला काय करायचं होतं, मी काय केलं, प्रत्यक्षात काय झालं आणि आतापर्यंत काय काय करून पाहिलं, हे चार ओळींत लिहा. एरर फोटोत नको, मजकूर म्हणून जशीच्या तशी चिकटवा. मजकूर असला की समोरच्याला तो कॉपी करून शोधता येतो, फोटोचं तो काहीच करू शकत नाही. कोडही पाचशे ओळींचा टाकू नका. जेवढ्या तुकड्यात बिघाड दिसतो तेवढाच वेगळा काढा. हे करताना निम्म्या वेळा चूक तुमची तुम्हालाच सापडते.

याहून अवघड चूक म्हणजे खरा प्रश्न बाजूला ठेवून स्वतः काढलेल्या निष्कर्षाबद्दल विचारणं. सांगोल्याकडच्या एका विद्यार्थिनीनं डाळिंबाच्या बागेसाठी मातीतली ओल मोजणारं यंत्र केलं होतं. त्यात ईएसपी३२ हे वायफाय असलेलं छोटं सर्किट बोर्ड होतं. तिनं विचारलं, "ईएसपी३२ चं वायफाय खराब आहे, दुसरं कुठलं बोर्ड घेऊ?" तीन जणांनी तीन बोर्डं सुचवली. चौथ्यानं विचारलं, "आधी नक्की काय होतंय ते सांग." मग कळलं की वायफाय बंद असताना सेन्सर नीट आकडे देतो आणि वायफाय चालू केलं की आकड्यांना अर्थच राहत नाही. सेन्सर तिनं ४ नंबरच्या पिनला जोडला होता. ती पिन एडीसी२ गटातली आहे (एडीसी म्हणजे सेन्सरचं व्होल्टेज आकड्यात बदलणारा भाग). ईएसपी३२ मध्ये हा गट वायफायही वापरतं, त्यामुळे वायफाय चालू असताना या पिनांवर अ‍ॅनालॉग वाचनाचा भरवसा धरता येत नाही. तार ३४ नंबरला, म्हणजे एडीसी१ च्या पिनला लावली आणि काम झालं. नवीन बोर्डाचे पैसे वाचले. तिनं पहिल्याच मेसेजात लक्षण सांगितलं असतं तर दोन दिवसही वाचले असते. निदान आपण करून मोकळं व्हायचं नाही, आधी लक्षण सांगायचं.

तिची पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. बहुतेक मुलं "झालं, थँक्स" लिहून निघून जातात, काही तर लाजेपायी प्रश्नच डिलीट करतात. तिनं मात्र त्याच प्रश्नाखाली काय चुकलं आणि काय बदललं ते लिहून ठेवलं. पुढच्या सेमिस्टरला हाच प्रश्न दुसऱ्या कॉलेजच्या मुलाला पडला. त्यानं ग्रुपमध्ये शोधलं आणि कुणालाही न विचारता त्याचा प्रश्न सुटला. प्रश्न सुटल्यावरची ही दोन मिनिटं कृपा करून वाचवू नका.

आता इंग्रजीची भीती. आपल्या शहरात घरी तेलुगू, गल्लीत कन्नड आणि वर्गात मराठी बोलणारी मुलं आहेत. तीन-तीन भाषा सहज पेलणारी ही मुलं इंग्रजी चुकेल म्हणून स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर एक शब्दही लिहीत नाहीत. तिथं व्याकरणाचे मार्क नसतात. छोटी, साधी वाक्यं आणि नेमकी माहिती पुरते. प्रश्न 'डुप्लिकेट' म्हणून बंद झाला तर अपमान मानू नका. २००८ मध्ये सुरू झालेलं ते ठिकाण गप्पांसाठी नाही, प्रश्नोत्तरांचा साठा म्हणून बांधलेलं आहे. बंद करताना जुन्या उत्तराची लिंक दिलेली असते, ती उघडा. बहुतेकदा हवं ते तिथंच असतं. आणि एआयनं लिहिलेलं उत्तर स्वतः न चालवता दुसऱ्याला देऊ नका. स्टॅक ओव्हरफ्लोनं डिसेंबर २०२२ मध्येच अशा उत्तरांना बंदी घातली, कारण ती दिसायला बरोबर असायची आणि अनेकदा चुकीची निघायची.

ओपन सोर्समध्ये, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या प्रोजेक्टांत, घाई करणारेही खूप. दर ऑक्टोबरमध्ये अशा प्रोजेक्टांना हातभार लावण्याचा हॅक्टोबरफेस्ट हा ऑनलाइन उपक्रम असतो. २०२० मध्ये बक्षिसाच्या टी-शर्टसाठी हजारो जणांनी लोकांच्या प्रोजेक्टांत एखादा फुटकळ शब्द घालून पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याच्या विनंत्या, पाठवल्या आणि ते प्रोजेक्ट फुकट सांभाळणारी माणसं अक्षरशः वैतागली. शेवटी आयोजकांना त्याच महिन्यात नियम बदलावा लागला : ज्या प्रोजेक्टनं स्वतःहून सहभागी व्हायचं ठरवलंय तिथलंच योगदान धरायचं. गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटवर योगदान दाखवणाऱ्या हिरव्या चौकोनांसाठी असं काही करू नका. एखाद्या प्रोजेक्टची माहिती वाचताना तुम्ही जिथं अडलात ती जागा नीट करून द्या. पहिलं योगदान म्हणून तेवढं भरपूर आहे.

गिटहबवर पासवर्ड किंवा एपीआय की (एखादी ऑनलाइन सेवा वापरण्याची गुप्त किल्ली) चुकून गेली तर फाइल डिलीट करून भागत नाही. गिट हे साधन कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवतं, त्या इतिहासात ती तशीच राहते. आधी ती की रद्द करून नवी घ्या, साफसफाई नंतर.

लिंक्डइनवर अनोळखी सीनिअरला पहिलाच मेसेज "रेफरल द्या", म्हणजे तुमच्या कंपनीत माझी शिफारस करा, असा नको. त्यांच्या कामाबद्दल एक खरा प्रश्न विचारा, आपलं काम दाखवा, ओळख होऊ द्या. आणि इंटर्नशिपसाठी उलट तुमच्याकडूनच 'सर्टिफिकेट फी' मागणाऱ्यांपासून लांब राहा. मी स्वतः विद्यार्थी असताना अशा एका ठिकाणी पैसे भरले होते. कागदापलीकडे काहीही मिळालं नाही. घरच्यांनी ते पैसे कसे जमवले होते हे आठवलं की आजही वाईट वाटतं.

एक चूक ग्रुप चालवणाऱ्यांची, म्हणजे आमचीही. सगळी सूत्रं शेवटच्या वर्षाच्या मुलांकडे ठेवली की जूनमध्ये ती बाहेर पडतात आणि ऑगस्टपर्यंत ग्रुपवर फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा उरतात. आमचा आधीचा ग्रुप असाच गेला, वर्षानुवर्षांची उत्तरं त्याच्याबरोबर गेली. आता अ‍ॅडमिनपैकी निम्मे दुसऱ्या वर्षाचे असतात. सुटलेले प्रश्न दर महिन्याला चॅटमधून उचलून गिटहबवरच्या एका फाइलमध्ये विषयवार लिहून ठेवतो. हे काम आळीपाळीनं येतं. या महिन्यात ज्या मुलीची पाळी आहे, तिनं सेन्सरच्या यादीत पहिली नोंद ३४ नंबरच्या पिनची केली आहे.