गोव्यात शेततळ्यात मोठी कोळंबी कशी वाढवायची

भाचा विचारत होता, मामा क्रेफिश, म्हणजे तो गोड्या पाण्यातला नांग्यावाला झिंगा, करूया का, कुठला तरी व्हिडिओ बघून आलेला. म्हटलं नको रे बाबा. ती जात परदेशी, परवानगीशिवाय आणता येत नाही, आणि वर बिळं पाडून बांध पोखरते. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीत, कुर्ल्या (खेकडे) बांधाचं काय करतात ते बघतोच की आपण. त्यापेक्षा आपल्याच देशातली गोड्या पाण्यातली जायंट कोळंबी, मार्केटात जिला स्कॅम्पी म्हणतात, ती बरी.

पहिलं म्हणजे माती. डिचोली-सत्तरीकडची लाल चिऱ्याची माती पाणी धरत नाही आणि असते आंबट. खड्डा खणून पाणी भरा, काठी रोवून खूण करा, सकाळी किती उतरलं बघा. भसाभस उतरलं तर ती जागा सोडा, सखल भागात चिकणमाती शोधा. 10 गुंठ्यांचं तळं सुरुवातीला पुरे, खोली 1 ते दीड मीटर, तळाला उतार पाणी सोडायच्या तोंडाकडे.

मे महिन्यात तळ भेगा पडेपर्यंत सुकवा, 10 गुंठ्यांना 40-50 किलो चुना मारा, मातीचा पीएच फारच कमी, म्हणजे माती फार आंबट असली तर जास्त. बांधाच्या आतल्या उतारावरही मारायचा, हे लोक विसरतात, मग पहिल्या पावसात बांधाची आंबट माती धुऊन तळ्यात येते आणि पाण्याचा पीएच धाडकन खाली. तो 7 ते 8.5 मध्ये हवा. तळं सुकत नसेल तर फूटभर पाणी ठेवून 75 किलो मोहाची पेंड टाका, पिलं खाणारे मरळ-मांगूर मासे मरतात, पण त्यानंतर बी, म्हणजे कोळंबीची पिलं, सोडायला किमान 3 आठवडे थांबा. पाणी घेताना तोंडाला बारीक जाळी लावायचीच.

बी हॅचरीतूनच, म्हणजे पिलं तयार करणाऱ्या केंद्रातूनच, आणावं लागतं, कारण अळ्यांना निमखारं पाणी लागतं, तळ्यात त्या जगत नाहीत. पिलं गोड्या पाण्याला सरावलेली आहेत का ते विचारून घ्या. आम्ही पहिल्या वर्षी भर दुपारी पिशव्या आणल्या आणि सरळ ओतल्या, सकाळी काठाला पांढरी पिलं. आता संध्याकाळी सोडतो, पिशवी 20 मिनिटं तरंगत ठेवायची, मग तांब्याने थोडं थोडं तळ्याचं पाणी आत घालायचं. 10 गुंठ्यांना अडीच हजार पिलं बास. सोबत थोडे कटला मासे चालतील, मृगल नको, तो तळातलंच खातो.

कात टाकली की कोळंबी मऊ पडते आणि बाकीच्या तिला खातात. म्हणून लपायला जागा द्या, माडाच्या झावळ्या, छपराचे जुने नळे (कौलं), पाइपाचे तुकडे. आमच्या घराचे उतरवलेले नळे सगळे तळ्यात गेले, बायको अजून बोलते.

खाद्य 30-35 टक्के प्रोटीनचं, जास्त भाग संध्याकाळी, कारण ती रात्रीची फिरते. ट्रेमध्ये थोडं ठेवून दोन तासांनी बघा, उरलं तर दुसऱ्या दिवशी कमी करा. पहाटे कोळंबी काठाला येऊन बसली तर ऑक्सिजन कमी पडलाय समजा, लगेच पंप लावून पाणी उडवा.

आता खरी मेख. सगळी एकसारखी वाढत नाही. लांब निळ्या नांग्यांचे नर दादागिरी करतात आणि बाकीचे खुरटतात. हे निळे दादा आधी जाळ्याने उचलून विका, मागचे लगेच अंग धरतात. जुलैअखेर बी सोडलं तर नाताळच्या गर्दीत पहिली काढणी मिळते, तेव्हा भावही असतो, उरलेली फेब्रुवारीत तळं रिकामं करून. निम्मी जगली आणि सरासरी 60 ग्रॅम भरली तरी 75 किलो होतात.

काढल्या काढल्या बर्फाच्या पाण्यात टाका, उन्हात टोपलीत ठेवली तर डोक्यातल्या रसाने मांस पिठूळ होतं आणि हॉटेलवाला दुसऱ्यांदा फोन उचलत नाही.