आमटीतली गोळी : मनोशिक्षणाचे काम शिकताना

समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात क्षेत्रकार्यासाठी मी एका व्यसनमुक्ती विभागात रुजू झाले, तेव्हा मनोशिक्षण म्हणजे आजाराची माहिती सोप्या भाषेत सांगणे, एवढीच माझी कल्पना होती. व्यसन हा आजार कसा आहे, हे मी एका बाईंना तक्ता दाखवून अर्धा तास सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि उठता उठता विचारले, "मग डायसल्फिरामची गोळी ह्यांना कळू न देता आमटीतून देत राहू ना?"

डायसल्फिराम ही दारू सोडवण्यासाठीची गोळी. ती पोटात असताना दारू घेतली, तर उलट्या, धडधड, रक्तदाब घसरणे असा त्रास होतो आणि तो जिवावरही बेतू शकतो. म्हणूनच ती रुग्णाच्या माहितीने आणि संमतीनेच द्यायची असते. गोळीचे नाव काढताच घरात भांडण होत असल्यामुळे बाईंना आमटीचाच मार्ग सुचला होता, आणि त्यांनी आजवर काय काय करून पाहिले हे मी विचारलेच नव्हते.

आता मी सुरुवातीला तेच विचारते. शपथा, देवऋषी, माळ घालणे, खोलीत कोंडणे अशी उत्तरे येतात. माळेचा आधार मी कधीच मोडून काढत नाही. कोंडण्याबद्दल मात्र स्पष्ट सांगते, की रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडल्यास पहिल्या 2 दिवसांत झटके येऊ शकतात आणि त्यानंतर भ्रम होऊन प्रकृती गंभीर होऊ शकते, त्यामुळे दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी. स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजारातही घरच्यांचे आधी ऐकून घ्यावे लागते. वडील ज्याला मुलाचा आळस म्हणतात, ते बहुधा आजाराचे लक्षण असते, हे त्यांच्याच उदाहरणावरून सांगितले तर टोमणे कमी होतात.

सत्र संपताना "हे घरी सासूबाईंना कसे सांगाल?" असे विचारावे, काय पोहोचले नाही, ते लगेच समजते. नवोदितांनी शुभंकरांच्या, म्हणजे काळजीवाहकांच्या, स्वमदत गटांत काही काळ नुसते ऐकत बसावे, असे मला मनापासून वाटते. पुण्यात 1986 साली सुरू झालेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी सहचरी गट आहे. रात्री-अपरात्री आधार हवा असलेल्या घरांना टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक लिहूनच द्यावा.

त्या बाईंना मी दारातून परत बोलावले, गोळी तत्काळ थांबवायला सांगितली आणि डॉक्टरांकडे नेले. पुढच्या आठवड्यात त्या नवऱ्याला घेऊन आल्या. डॉक्टरांनी तपासून, धोके समजावून सांगितल्यावर, रोज सकाळी बायकोच्या हातून, तिच्यासमोर गोळी घ्यायला त्यांनी स्वतःहून होकार दिला.